लोणावळ्याचा एक्स-रे आणि मावशीची बोटं

२०२०च्या ऑगस्टमध्ये माझ्या मावशीला कुकरचं झाकण उघडेना. आधी तिला वाटलं, रबर बदलायला झालंय. मग सकाळी ब्लाउजची हुकं लागेनात. मग दाराची कडी. तिने हे कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते व्हिडिओ कॉलवर, कारण फोन हातात धरण्याऐवजी तिने तो डब्याला टेकवून ठेवला होता आणि बोलता बोलता उजव्या हाताची बोटं पदरात लपवत होती.

मावशीला अकरा वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टरी भाषेत र्‍हुमटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी, तिच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासणं, एवढ्यावर तिचं बरं चाललं होतं. कोरोना आला आणि 'इम्युनिटी' हा शब्द घराघरात शिरला. सोसायटीच्या ग्रुपवर काढ्याच्या पाककृती फिरत होत्या. त्यातच कुणीतरी इम्युनिटी कमी करणाऱ्या औषधांची यादी टाकली, आणि त्या यादीत मावशीची गोळी होती. त्याच दिवसांत ती सकाळी सहाला मोबाइलवर एका योगवर्गाला बसू लागली होती. तिथे सांगितलं गेलं की नियमित प्राणायामाने जीन्स बदलतात, प्रतिकारशक्ती वाढते आणि औषधं हळूहळू सुटतात. मावशीने मनातल्या मनात हिशोब मांडला आणि जूनमध्ये गोळी बंद केली. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की बंद करू नका. पण डॉक्टर महिन्यातून एकदा बोलायचे आणि वर्ग रोज सकाळी भरायचा.

मी चिडले. म्हटलं, हे सगळं भंपक आहे. जीन्स म्हणजे काय पडदे आहेत का बदलायला?

मावशी शांतपणे म्हणाली, "तू कधी महिनाभर केलायस का गं प्राणायाम? मला झोप लागते त्याने. तू नुसती पुस्तकं वाचतेस."

मग मी पुस्तकं वाचली. सुरुवात तिला चूक ठरवण्यासाठी केली होती, हे कबूल करते. तिचं बरंच काही चूक निघालं, आणि थोडं माझंही.

*

मावशी तळेगावला राहते. तिच्या घरापासून लोकलने काही स्टेशनं पुढे गेलं की लोणावळा येतं. चिक्की, धुकं, भुशी डॅम आणि रविवारची गर्दी यापलीकडे मला लोणावळ्याची फारशी ओळख नव्हती. योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्र लावून मोजायचं, या कामाला वाहिलेली जगातली सुरुवातीची एक संस्था इथे शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली, हे मला माहीतच नव्हतं.

तिचे संस्थापक जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. लहानपणीच आईवडील गेले, गरिबीत शिकले. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात शरीर घडवलं, टिळकांच्या काळात राष्ट्रीय शिक्षणाचं वेड लागलं आणि खानदेशात अमळनेरला शिकवायला गेले. १९१९च्या सुमारास नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी हे गुरू भेटले. पुढे गुणे 'स्वामी कुवलयानंद' या नावाने ओळखले गेले.

गुरूकडून योग शिकलेल्या माणसाने आश्रम काढावा, शिष्य जमवावेत, हे आपल्याकडे रीतीला धरून आहे. गुण्यांनी वेगळंच केलं. १९२०-२१च्या सुमारास ते बडोद्याच्या दवाखान्यात गेले आणि योगक्रिया करणाऱ्या माणसाला एक्स-रेच्या यंत्रापुढे उभं केलं. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा पंचवीसच वर्षं झाली होती. श्वास पूर्ण सोडून पोट आत आणि वर ओढून घेतात ते उड्डियान, आणि पोटाचे उभे स्नायू पुढे काढून घुसळतात ती नौली. या दोन क्रियांत आतल्या अवयवांचं नेमकं काय होतं, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. त्याच महिन्यात 'योग मीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिकही निघालं. त्याचे जुने अंक मी स्क्रीनवर पाहिले. एका पानावर आसनाचा फोटो, पुढच्या पानावर पोटाचा एक्स-रे, त्यापुढे आकड्यांचं कोष्टक. आजच्या योगाच्या मासिकांत असतात तशा सूर्योदयाच्या चित्रांचा पत्ता नाही.

यातला एक प्रयोग मला फार आवडतो, जरी तो जेवताना सांगण्यासारखा नाही. हठयोगात 'बस्ती' नावाची क्रिया आहे. योगी पाण्यात बसतो आणि नौली करून गुदद्वारातून पाणी वर ओढून घेतो. पाणी उलटं वर कसं चढतं? अपान वायूच्या जोरावर, असं जुनं उत्तर होतं. गुण्यांनी दाब मोजायची पाऱ्याची नळी लावली. नौली चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणजे आत अंशतः पोकळी तयार होते, आणि म्हणून पाणी आत ओढलं जातं, असं त्या पाऱ्याने दाखवलं. नळाच्या पंपाचं तत्त्व, दुसरं काही नाही. गुण्यांनी त्या पोकळीला आपल्या गुरूचं नाव दिलं: माधवदास व्हॅक्यूम.

हे नाव वाचून मी थांबले. एका जुन्या गूढ स्पष्टीकरणाला बाजूला सारणारं निरीक्षण, आणि त्याला नाव गुरूचंच. आपल्याकडे याच्या उलट होतं. गुरूच्या सन्मानासाठी निरीक्षणच गुंडाळून ठेवतात.

प्राणायामाबद्दलही त्यांनी असंच केलं. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हे तेव्हाही सगळे म्हणत आणि आजही म्हणतात. मावशीच्या वर्गात तर रोज म्हणत. गुण्यांनी मोजून सांगितलं की तसं काही होत नाही. प्राणायामात श्वास लांबतो, पण मिनिटाला मोजके श्वास घेतले जातात आणि मध्ये रोखलेही जातात. ऑक्सिजनचा हिशोब त्यामुळे फायद्यात जात नाही. प्राणायामाचा उपयोग आहे, पण तो मज्जासंस्थेवरच्या आणि आतल्या दाबांवरच्या परिणामांत शोधायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. हे लिहिणारा माणूस प्राणायामाचा प्रचारक होता, हे विसरू नका. आपल्याच मालाची खोटी जाहिरात त्याने स्वतः उतरवून ठेवली होती.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारा कोवूर बेहनन नावाचा मल्याळी तरुण त्यांच्याकडे येऊन राहिला, शिकला आणि परत जाऊन स्वतःवरच प्रयोग करत बसला. १९३७च्या त्याच्या पुस्तकात दोन गमती आहेत. एक, उज्जायीत त्याचा ऑक्सिजनचा खप वाढलेला दिसला, म्हणजे गुरूच्या निष्कर्षाशी त्याचा मेळ बसला नाही. दोन, प्राणायाम संपल्यावर लगेच बेरजा आणि रंगांची नावं सांगण्याच्या चाचण्यांत तो मंद पडला. मन तल्लख होतं असं लिहिलं असतं तर पुस्तक जास्त खपलं असतं. त्याने जे आलं ते छापलं. अर्थात प्रयोगात माणूस एकच, तोही स्वतः, त्यामुळे दोन्ही निष्कर्षांना मर्यादा आहेतच.

*

त्या काळात परदेशी लोकांना ऑक्सिजनशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना हृदय बंद पाडणारा योगी हवा होता.

१९३५ मध्ये थेरेज ब्रॉस नावाच्या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई उचलून नेता येईल असं ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या. म्हैसूरला त्यांनी टी. कृष्णमाचार्यांचा आलेख घेतला. एका टप्प्यावर आलेखाची रेघ जवळजवळ सपाट झाली आणि योगी हृदय थांबवू शकतो ही गोष्ट जगभर पसरली.

ती तपासायला वीसेक वर्षांनी दोघे जण आले: कॅलिफोर्नियाचे मॅरियन वेंगर आणि मिशिगनचे बसुकुमार बागची. बागची एकेकाळी स्वतः संन्यासी होते, परमहंस योगानंदांचे सहकारी. नंतर भगवी वस्त्रं उतरवून मेंदूच्या लहरींचा अभ्यास करायला लागले. या माणसावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी. दिल्लीच्या एम्समधले बाळकृष्ण आनंद त्यांच्यासोबत होते. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांना त्यांनी यंत्रं लावली आणि निष्कर्ष १९६१ मध्ये छापला. मनगटावरची नाडी लागेनाशी होत होती. स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू येत नव्हते. ईसीजीवर मात्र हृदय चालूच होतं. श्वास रोखून छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि नाडी हाताला लागत नाही. कसब खरं होतं, पण हृदय थांबत नव्हतं.

कृष्णमाचार्यांचा एक मेहुणा होता. १९१८च्या फ्लूच्या साथीत जन्मलेला, पुढे मलेरिया, टायफॉइड आणि क्षय असं सगळं भोगलेला, काटकुळा मुलगा. बहिणीच्या नवऱ्याकडे तो योग शिकला आणि १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आला तो कायमचाच. बी. के. एस. अय्यंगार. खुर्ची, पट्टे, लोड, दोऱ्या यांच्या आधाराने आजारी आणि अवघडलेल्या माणसालाही आसनात बसवता येतं, हे त्यांनी पुण्यात बसून जगाला शिकवलं. त्यांच्याकडे मी थोड्या वेळाने परत येणार आहे.

*

इथवरच्या गोष्टीत प्रतिकारशक्ती कुठेच नाही, कारण मनाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध असू शकतो हेच कुणी मानत नव्हतं. पांढऱ्या पेशी आपलं काम आपण करतात, मेंदूला विचारत नाहीत, असं वैद्यकाच्या पुस्तकांत होतं. हे बदललं ते अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये, आणि त्याला कारण ठरले उंदीर.

रॉबर्ट एडर हे मानसशास्त्रज्ञ. उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजायचं आणि लगेच मळमळ आणणारं औषध टोचायचं, म्हणजे पुढे नुसत्या गोड पाण्यालाही ते नाकं मुरडतात, असा त्यांचा साधा प्रयोग होता. पुढच्या टप्प्यात औषध बंद करून फक्त गोड पाणी दिलं, तर काही उंदीर मरू लागले. गोड पाण्याने कुणी मरतं का? मग लक्षात आलं की टोचलेलं औषध सायक्लोफॉस्फमाइड होतं. ते मळमळ आणतंच, शिवाय प्रतिकारशक्तीही दाबतं. उंदरांच्या शरीराने चवीबरोबर मळमळच नव्हे, प्रतिकारशक्ती दबणंही शिकून घेतलं असेल का? निकोलस कोहेन या प्रतिकारशास्त्रज्ञाला सोबत घेऊन एडरांनी ते काटेकोर तपासलं आणि १९७५ मध्ये छापलं. चव मेंदूला कळते. म्हणजे मेंदूचं म्हणणं प्रतिकारयंत्रणेपर्यंत पोहोचत होतं.

१९८२ मध्ये याच दोघांनी ल्यूपससारखा आजार होणाऱ्या उंदरांवर दुसरा प्रयोग केला. ल्यूपस हा मावशीच्या आमवाताचा भाऊबंद. दोन्हींत शरीराची फौज स्वतःच्याच घरावर चालून जाते. काही उंदरांना औषधाचे निम्मे डोस खरे दिले आणि उरलेल्या वेळी फक्त गोड पाणी. चवीची सवय न लावलेल्या, तेवढंच औषध मिळालेल्या उंदरांपेक्षा यांचा आजार उशिरा आला. हे वाचताना मी पेन्सिलने खूण केली: निम्मं औषध. शून्य औषध नव्हे.

मावशीच्या हिशोबातली मूळ चूक मला इथे नीट दिसली. आमवात असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती भलतीकडे चालून गेलेली असते, सांध्यांच्या आतल्या अस्तरावर. मावशीची गोळी तिला आवरत होती. 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला तिच्यासाठी म्हणजे दंगल चालू असलेल्या गल्लीत आणखी काठ्या वाटण्यासारखा. आणि योगवर्गाने जे वाढवण्याचं वचन दिलं होतं, त्याच्या उलट दिशेला योगाचं खरं संशोधन गेलेलं आहे. योगाने कमी होतो का असा जो प्रश्न शास्त्रज्ञ विचारतात, तो दाहाबद्दलचा आहे.

तिथवर पोहोचायला मध्ये दोन-तीन पायऱ्या लागल्या. डेव्हिड फेल्टन यांना प्लीहेत पांढऱ्या पेशींच्या अगदी शेजारी मज्जातंतूंची टोकं दिसली, म्हणजे निरोप जायची तार सापडली. ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि रोनाल्ड ग्लेझर या जोडप्याने वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचं रक्त सुट्टीत आणि परीक्षेत तपासलं. परीक्षेत विषाणूंशी लढणाऱ्या पेशींचं काम मंदावलेलं होतं. १९९५चा त्यांचा प्रयोग तर साधा आणि हृदयद्रावक आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या दुसऱ्या १३ जणी. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. माझ्या आजोबांची शेवटची चार वर्षं मावशीनेच काढली होती. तिचा आमवात त्यानंतरच्याच वर्षी निघाला. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी तो आकडा वाचून मी तिला फोन केला आणि जेवलीस का, एवढंच विचारून ठेवला.

शेवटची पायरी म्हणजे केव्हिन ट्रेसी यांचं काम. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस उत्तेजित केली तर प्राण्यांमध्ये दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या रसायनाचं उत्पादन घटतं, हे त्यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं. २०१६ मध्ये आमवाताच्या १७ रुग्णांना त्या नसेला झटके देणारं छोटं यंत्र बसवून पाहिलं गेलं. टीएनएफ कमी झाला, अनेकांची सूजही उतरली. आणि सावकाश श्वासाचा या नसेशी संबंध आहे. इटलीतल्या लुसियानो बर्नार्डींनी २००१ मध्ये माणसांना माळ ओढत लॅटिन 'आवे मारिया' आणि 'ओम मणि पद्मे हुं' म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या गतीतला चढउतार सुधारला. दोन धर्म, श्वासाचा वेग एकच. मात्र संथ श्वासाने बसवलेल्या यंत्राइतकं काम होतं, असं कुणी दाखवलेलं नाही. गुण्यांनी ऑक्सिजन सोडून मज्जासंस्थेकडे बोट दाखवलं होतं. ते बोट बरोबर दिशेला होतं, एवढं म्हणता येईल.

*

आता जीन्स. म्हणजे जनुकं.

आईबापाकडून आलेला डीएनए प्राणायामाने बदलत नाही. मावशीला हे मी कसं सांगितलं ते तसंच इथे सांगते. प्रत्येक पेशीत पाककृतींचं एकच जाडजूड पुस्तक आहे. पुस्तक बदलत नाही, पण आज काय शिजतंय हे दिवसावर ठरतं. एकादशीला साबुदाणा, पाहुणे आले की पुरणपोळी, घरात आजारपण असलं की भाताची पेज. कुठल्या पानावरचा पदार्थ किती शिजतोय, त्याला जनुकं व्यक्त होणं म्हणतात. हे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेऊन एकाच वेळी हजारो जनुकांसाठी मोजायची सोय या शतकाच्या सुरुवातीला आली.

२००७ मध्ये स्टीव्ह कोल यांनी एकाकी असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. २०९ जनुकांचं काम वेगळं दिसलं. एकाकी माणसांत दाहाची पानं जास्त उघडलेली, विषाणूंशी लढायची पानं मिटलेली. माणसं किती? फक्त १४.

२००८ मध्ये हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं ध्यान, योग, जप असं काहीतरी करणाऱ्या १९ जणांची तुलना १९ सामान्य माणसांशी केली. २,२०९ जनुकांच्या कामात फरक दिसला. त्या सामान्यांपैकी अनेकांनी आठ आठवडे सराव केल्यावर त्यांच्यातही १,५६१ जनुकं हलली. मावशीच्या वर्गातलं 'जीन्स बदलतात' हे बहुतेक अशाच कुठल्यातरी बातमीतून गळत गळत आलेलं असणार. मोठा आकडा लक्षात राहतो, माणसं १९ होती हे गळून जातं. शिवाय रक्तात पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार असतात. ताणाने किंवा व्यायामाने त्यांचं प्रमाण खालीवर होतं आणि एकही पेशी बदलली नाही तरी जनुकांचे आकडे बदललेले दिसू शकतात. स्वयंपाकघर तेच, फक्त आज आचारी दुसरे आलेत.

२०१७ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या इवाना बुरिक आणि सहकाऱ्यांनी योग, ध्यान, ताई ची वगैरेंवरचे जनुकांचे असे १८ अभ्यास एकत्र वाचले. सगळे मिळून ८४६ माणसं. बहुतेक अभ्यासांत एक गोष्ट समान होती: दाहाची जनुकं पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचं काम उतरलेलं. मात्र अभ्यास छोटे, पद्धती वेगवेगळ्या, आणि आहार, झोप, साधा व्यायाम यांचा वाटा नीट वेगळा काढलेला नाही, हेही त्यांनीच लिहिलं आहे.

यांतला मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा अभ्यास २०१४चा, लॉस एंजेलिसमधला, आणि तो आपल्या पुण्याला येऊन मिळतो. स्तनांच्या कर्करोगातून उठलेल्या, पण थकवा न जाणाऱ्या ३१ बायका. निम्म्यांना बारा आठवडे अय्यंगार योग, लोड-खुर्च्यांसकट. उरलेल्यांना तेवढाच काळ आरोग्यावरचे वर्ग. दुसऱ्या गटाला नुसतं घरी बसवलं नाही, ही यातली महत्त्वाची गोष्ट. बाहेर पडणं, चार बायकांत बसणं, कुणीतरी आपली विचारपूस करणं, याचाही परिणाम होतोच. योग करणाऱ्यांत एनएफ-कप्पा-बीचं काम घटलेलं दिसलं. पण रक्तातल्या सीआरपी आणि आयएल-६ या दाहाच्या नेहमीच्या खुणांत ठळक फरक पडला नाही, आणि तेही त्यांनी तसंच छापलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अय्यंगार पुण्यात गेले. आपल्या खुर्च्या जनुकांच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही, कोण जाणे.

आणि मग मला २०१९चा एम्सचा अभ्यास सापडला. थेट आमवाताच्या ७२ रुग्णांवर. चिठ्ठ्या टाकून दोन गट, आठ आठवडे. योगाच्या गटात आयएल-६, टीएनएफ अशा दाहाच्या खुणा घटल्या, प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणाऱ्या काही जनुकांचं काम वाढलं आणि नैराश्यही उतरलं. दुसऱ्या गटाला तेवढा वेळ आणि तेवढं लक्ष मिळालं नव्हतं, त्यामुळे यश सगळं आसनांच्या नावावर लिहिता येत नाही. पण मी शोधत होते ती ओळ वेगळीच होती. दोन्ही गटांतल्या रुग्णांची आमवाताची नेहमीची औषधं चालू होती.

ती ओळ मी मावशीला फोनवर मराठीत वाचून दाखवली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे गोळी घेऊन करायचं होतं."

"हो."

"हे कुणी सांगितलं नाही गं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, कारण मीही तिला फक्त 'भंपक' एवढंच सांगितलं होतं.

*

सप्टेंबरमध्ये गोळी पुन्हा सुरू झाली. पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागले. सूज उतरली, पण मधल्या काळात दोन बोटांच्या सांध्यांचं जे झिजलं ते झिजलं. एक्स-रेत ते दिसतं. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला तेव्हा मला लोणावळ्याचे ते जुने एक्स-रे आठवले.

सकाळचा योग तिने सोडलेला नाही. वर्ग बदलला. आता एक बाई खुर्ची आणि पट्टा घेऊन शिकवतात आणि पहिल्याच दिवशी औषधांची यादी मागून घेतात. झोप बरी लागते, सकाळचा आखडलेपणा लवकर सुटतो, असं ती म्हणते. त्यातलं किती गोळीचं, किती श्वासाचं आणि किती त्या बाईंच्या गप्पांचं, हे मोजायचं यंत्र आमच्या घरात नाही.

गेल्या दिवाळीत तळेगावला गेले तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. मावशीने गॅस बंद केला, वाफ जाईपर्यंत शांत उभी राहिली आणि मग नेहमीसारखी हाक मारली, "अगं, ये जरा." मी जाऊन झाकण काढलं. आत वरणभात होता.

"आज काय शिजतंय तेवढंच बदलतं ना?" ती म्हणाली. "पुस्तक नाही."

"पुस्तक नाही."

"मग त्या बाईंनाही सांगते. त्या अजून ऑक्सिजन वाढतो म्हणतात."